मनोरे पाडून राज्य हलते का?

१९४२ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत कर्जत-नेरळ-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात विजेचे अकरा मनोरे आडवे झाले. सह्याद्रीतून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारा या मनोऱ्यांवरून जात होत्या. ते पाडणाऱ्यांनी आपल्या गटाला आझाद दस्ता असे नाव दिले होते आणि त्यांचे पुढारी होते माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे सगळ्यांचे भाई कोतवाल. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्यांना गाठले. त्या चकमकीत कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघेही मारले गेले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते.

आजही दर २ जानेवारीला माणसे थंडीत सिद्धगड गाठतात आणि मानवंदना देतात. या भागात भाईंबद्दल जो आदर आहे, तो मनापासूनचा आहे आणि तो माझाही आहे. तरी एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे. मनोरे पडले, त्याने राज्य हलले का? थोडे व्यापक करून विचारायचे, तर राजकीय हेतूने केलेल्या हिंसेने समाजाची घडण बदलते का, की फक्त काही काळ खळबळ उडते? हुतात्म्यांविषयी असे विचारले की काही जणांना ते आवडत नाही. पण ज्यांनी जीव दिला त्यांच्या कामाचे मोजमाप नीट करणे हाही त्यांचा सन्मानच आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाईंच्या आयुष्याचे शेवटचे पाच महिने सोडून आधीची वर्षे पाहावी लागतात. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. माथेरान हे इंग्रज साहेबांनी आणि मुंबईच्या श्रीमंतांनी हवापालटासाठी वसवलेले गाव. वर बंगले, आणि खाली पायथ्याच्या वाड्यांवर ठाकूर-कातकऱ्यांची उपासमार, असे त्याचे रूप होते. अशा गावात नाभिकाचा मुलगा शिकून वकील झाला, आणि वकिली झाल्यावर त्याने शहरात बस्तान बसवण्याऐवजी याच पायथ्याकडे नजर वळवली. पावसाळ्याच्या तोंडावर घरातले धान्य संपले की शेतकरी सावकाराकडे जाई आणि तिथून कर्जाचा फेरा सुरू होई. भाईंनी धान्याच्या पेढ्या काढल्या. गरजेला धान्य न्यायचे, पीक आले की परत भरायचे. मुलांसाठी त्यांनी गावोगाव शाळा सुरू केल्या, त्यांची संख्या ४२ सांगितली जाते. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे बंडखोर होण्याआधी हा माणूस वकील होता, शाळा चालवणारा होता, लोकांनी निवडलेला पदाधिकारी होता. माझ्या मते भाईंच्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच भाषणांत दोन वाक्यांत आटोपला जातो.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले. सभा, मोर्चे, वर्तमानपत्रे, सगळे मार्ग एका रात्रीत बंद झाले. पुढे काय करायचे हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना स्वतःच ठरवावे लागले. भाईंनी भूमिगत होऊन मनोऱ्यांचा मार्ग धरला.

मनोरेच का, याचे उत्तर या भागाच्या भूगोलात आहे. टाटांनी लोणावळ्याच्या माथ्यावर तळी बांधून ते पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. १९२२ मध्ये कर्जतजवळच्या भिवपुरीचे केंद्र सुरू झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालत, आणि युद्धाच्या काळात त्या गिरण्या लष्करासाठी कापड विणत होत्या. लंडनच्या युद्धयंत्रणेचा एक धागा असा माथेरानच्या डोंगराखालून जात होता. ज्यांच्या रानातून तो जात होता, त्यांच्या झोपड्यांत मात्र दिवाही नव्हता. मनोऱ्याचे पाय करवतीने कापले की बाकीचे काम त्याचे स्वतःचे वजन करी. माणूस मारायचा नव्हता, लक्ष्य लोखंड होते. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या उदाहरणांत तो पुन्हा पुन्हा समोर येतो.

परिणाम काय झाला? गिरण्या आणि रेल्वे काही काळ अडखळल्या, सरकारला मनोऱ्यांवर पहारे बसवावे लागले, भाईंवर इनाम लागले. पण मनोरे पुन्हा उभे राहिले, वीज पुन्हा वाहू लागली. देशभरात हेच घडले. सरकारी हिशेबाप्रमाणे १९४३ च्या अखेरपर्यंत ३३२ रेल्वे स्थानके आणि ९४५ टपाल कचेऱ्या आंदोलकांनी उद्ध्वस्त केल्या होत्या किंवा त्यांची मोठी नासधूस केली होती, आणि ९१ हजारांवर माणसे पकडली गेली होती. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवले होते की १८५७ नंतर इतके गंभीर बंड झालेले नाही. तरीही बंडाचा मोठा भर काही महिन्यांत सरकारने मोडून काढला. स्वातंत्र्य त्यानंतर साडेचार वर्षांनी आले, आणि ते येण्यामागे युद्धाने पोखरलेली इंग्लंडची तिजोरी होती, १९४५ मध्ये तिथे आलेले मजूर पक्षाचे सरकार होते, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांवरून उसळलेला क्षोभ होता आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईच्या 'तलवार'वर सुरू झालेले नौसैनिकांचे बंड होते. १९४२ ने या सगळ्यात एक गोष्ट नक्की केली. इथला सामान्य माणूस आता आपल्याला राज्य करू देणार नाही, हे इंग्रजांना कळले. पण ते कळवण्याचे काम मोर्च्यातल्या लाखो लोकांनी केले की रात्री तारा तोडणाऱ्या शेकड्यांनी, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. स्वतः गांधीजींनी १९४४ मध्ये सुटका झाल्यावर घातपात आणि गुप्तता यांना नापसंती दाखवली आणि भूमिगतांना उघडपणे समोर येण्यास सांगितले.

साताऱ्यात मात्र चित्र वेगळे होते. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ असे टिकले. त्यांनीही गाडी लुटली, खजिना लुटला. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्यावर घातलेला छापा प्रसिद्धच आहे. फितुरांना आणि गुंडांना त्यांनी दिलेल्या शिक्षाही क्रूर होत्या, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण गाव त्यांच्या मागे राहिले ते छाप्यांसाठी राहिले नाही. गावात न्यायनिवाडा होत होता, सावकाराच्या घशातली जमीन सोडवली जात होती, बिनहुंड्याची, बिनखर्चाची लग्ने लागत होती, दारूचे गुत्ते बंद होत होते. बंदूक त्या कारभाराला राखण म्हणून होती. आझाद दस्ता पाच महिन्यांत संपला आणि प्रतिसरकार तीन वर्षे चालले, यामागे डोंगर-दऱ्या, फितुरी, नशीब अशी अनेक कारणे असतील. मला मुख्य कारण हे दिसते की साताऱ्यात लढणे आणि उभारणे ही दोन्ही कामे एकत्र चालली होती. भाईंनी धान्यपेढ्या आणि शाळा आधी उभारल्या होत्या, पण भूमिगत झाल्यावर ते काम मागे पडले. जंगलात लपलेल्या माणसाला शाळा चालवता येत नाही.

आणखी मागे गेले तर १८७५ चे सुपे आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जरोखे, खतपत्रे बाहेर काढून जाळली. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. तिच्यात माणसांचे बळी जवळजवळ नव्हते. शेतकऱ्यांचा राग नेमक्या कागदांवर होता, कारण गुलामी त्या कागदांत लिहिलेली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा डोळे मिटून न मानता मूळ व्यवहार तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यात सोय होती. हिंसक उद्रेकातून कायदा बदलल्याचे महाराष्ट्रातले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, आणि 'हिंसेने कधी काहीच होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी ते टाळून पुढे जाऊ नये. पण कथा इथे संपत नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली. परतफेडीचे तोंडी वचन, कागदावर मात्र विक्री. म्हणजे जाळलेल्या कागदाच्या जागी आणखी पक्का कागद आला. शेतकऱ्याला बिनसावकारी कर्ज मिळण्याची सोय उभी झाली नाही, तोवर सावकारी मेली नाही. भाई कोतवालांची धान्यपेढी साठेक वर्षांनंतर नेमकी याच खड्ड्यात भर घालत होती.

त्याच १८७९ साली पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन उठले. दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा तो संताप होता. काही महिन्यांत ते पकडले गेले, त्यांना एडनला नेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या बंडाने पुढच्या पिढ्यांना स्फूर्ती दिली, हे खरे. त्या काळच्या रयतेच्या पोटात मात्र त्यातून दाणा पडला नाही.

एखाद्या माणसाला मारून व्यवस्था बदलते का, याविषयी तर आपल्याकडे दाखलेच दाखले आहेत. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. प्लेगच्या जुलमाविरुद्धचा राग समजण्यासारखा होता. पण त्यानंतर चाफेकर बंधू फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम आणखी रुंद करण्यात आले. बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्कन या अर्थशास्त्रज्ञांनी १८७५ पासूनचे राष्ट्रप्रमुखांवरचे २९८ हल्ले तपासले. त्यांतले ५९ यशस्वी ठरले होते. जिथे गोळी लागली आणि जिथे थोडक्यात हुकली, अशा घटनांची त्यांनी तुलना केली. हुकूमशहा मेला तर तिथे लोकशाहीकडे वळण्याची शक्यता काहीशी वाढते, लोकशाही देशातला नेता मारला गेला तर राज्यव्यवस्थेत काहीही बदल होत नाही, असे त्यांना आढळले. व्यवस्था जितकी एका माणसावर उभी, तितकी ती माणूस गेल्यावर डळमळते. संस्थांवर उभे असलेले राज्य माणूस मारून बदलत नाही.

भाईंच्याच रायगड जिल्ह्याने या प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले आहे आणि माझ्या मते ते मनोऱ्यांच्या उत्तरापेक्षा मोठे आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीला २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांच्या खारजमिनी कुळांनी कसायच्याच नाहीत, असा तो संप होता. पुढारी नारायण नागू पाटील. सरकारने सभाबंदी घातली, खोतांनी दबाव आणला, घराघरात उपास पडले. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, पण नांगर उचलला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा कूळकायदा आला आणि संरक्षित कूळ ही गोष्ट कायद्यात लिहिली गेली. पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा माणूस कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. रायगडात आज ज्यांच्या सातबारावर आजोबांचे नाव कूळ म्हणून चढून पुढे मालक झाले, त्यांच्या घरात हा संप कागदाच्या रूपाने शिल्लक आहे.

चरीच्या संपात सोसणे कमी नव्हते. सहा वर्षांची उपासमार ही गोळीपेक्षा सोपी गोष्ट नाही. फरक हा होता की या लढ्यात बाईमाणसे, म्हातारी, पोरे सगळी सामील होऊ शकत होती. मनोरा कापायला काही डझन धाडसी तरुण लागतात, नांगर न उचलायला पंचवीस गावे लागतात. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ मोठ्या आंदोलनांचा अभ्यास केला. अहिंसक आंदोलने ५३ टक्के वेळा यशस्वी झाली होती, सशस्त्र लढे २६ टक्के वेळा. कारण त्यांनी दिले तेही हेच: जास्त लोक येतात, आणि सरकारच्या बाजूची माणसे फुटून इकडे येण्याची शक्यता वाढते. चेनोवेथ यांनीच पुढे दाखवले की अलीकडच्या वर्षांत अहिंसक आंदोलनांच्याही यशाचे प्रमाण घसरले आहे. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आकडा जादूच्या मंत्रासारखा वापरला जातो.

एक अवघड उदाहरण सांगितल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. राष्ट्राचा मार्ग बदलावा हा त्याचा हेतू होता, आणि घडले उलट. मात्र त्यानंतरच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता अशी कुटुंबे गाव सोडून शहरांत गेली. गावगाड्याची जुनी रचना त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. म्हणजे हिंसेने इथे समाज बदलला. पण कुणाचा दोष, कुणाला शिक्षा? जमीन कुळाकडे जाण्याचे काम कूळकायदा करणारच होता आणि तो सगळ्यांना सारखा लागू होता. जळीताने त्यात निरपराधांच्या दुःखाची भर घातली. हिंसेच्या परिणामांचा हिशेब मांडताना 'बदल झाला' एवढे म्हणून थांबता येत नाही. कुणाच्या जिवावर झाला, हे लिहावेच लागते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे गडचिरोलीत उभा राहिला. १९८० च्या सुमारास नक्षलवादी तिथे आले. तेंदूपत्त्याची मजुरी, वनरक्षकांची दांडगाई हे प्रश्न खरे होते, त्यांनी ते उचलले. चार दशके पोलीस आणि आदिवासी, दोन्ही बाजूंनी माणसे मरत राहिली. १५ ऑक्टोबर २०२५ ला त्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने वेगळा रस्ता धरला होता. ग्रामसभेत सगळ्यांच्या एकमताने निर्णय, अभ्यासगट, कायद्याची कलमे घोटून घेणे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्याने वापरून दाखवला. बंदुकीची भीती नसती तर दिल्लीने वनहक्क कायदा इतक्या लवकर केला असता का, असे काही अभ्यासक विचारतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण कायदा पुस्तकात आल्यावर तो जमिनीवर आणण्याचे काम बंदुकीने केलेले नाही, ते ग्रामसभेने केले.

तेव्हा माझे मत असे आहे. सगळे मार्ग बंद असलेल्या राज्यात, माणसांऐवजी यंत्रावर आणि कागदावर केलेला घाव सत्तेची किंमत वाढवू शकतो. १९४२ मध्ये भाई कोतवालांसमोर न्यायालय होते ते परक्याचे, विधिमंडळ होते ते निलंबित, आणि पुढारी होते ते गजाआड. त्यांच्या निवडीकडे आजच्या सुरक्षित खुर्चीतून बोट दाखवणे मला पटत नाही. पण त्या निवडीचा दाखला देऊन जो आज मतदान, माहितीचा अधिकार, न्यायालय आणि ग्रामसभा हाताशी असताना हिंसेची भाषा बोलतो, त्याला भाईंचे नाव घेण्याचा हक्क नाही.

भाईंच्या माथेरानमध्येच नुकतेच एक मोठे पाऊल पडले. मोटारींना बंदी असलेल्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसे माणसांना हातरिक्षात बसवून चढावर ओढत आली. हे थांबावे म्हणून रिक्षा ओढणारेच वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करत, न्यायालयाची पायरी चढत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मानवी प्रतिष्ठेला काळिमा असल्याचे ठरवले, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करून ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याचा आणि पैसे नाहीत ही सबब न सांगण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्या ई-रिक्षा खरोखर ओढणाऱ्यांच्याच नावावर झाल्या की वाटेत कुणा ठेकेदाराच्या झाल्या, हे पाहणे आता माथेरानकरांचे आणि तिथे हवा खायला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांचे काम आहे. पुढच्या वेळी माथेरानला गेलात तर दस्तुरी नाक्यावर रिक्षात बसण्याआधी चालवणाऱ्याला एवढे जरूर विचारा की गाडी कुणाच्या नावावर आहे.